अखेरचा पगार आणि मालकाची वसुली

नोकरी धरताना माणसाला वेतन, हुद्दा आणि कामाचे तास यांविषयी चार प्रश्न विचारता येतात, कारण त्या वेळी दोन्ही पक्षांना परस्परांची गरज असते. नोकरी सुटताना मात्र तो समतोल उरत नाही, आणि महिनाभर राबून मिळवलेला पगार, शिलकी रजेचे पैसे, प्रवासखर्चाची तुंबलेली बिले आणि वर्षानुवर्षांच्या सेवेचे उपदान हे सारे ज्याच्या तिजोरीत अडकले आहे, त्याच्यासमोर नोकरदार एकटा उभा असतो. अशा वेळी त्याच्या हाती हिशेबाचा एक कागद पडतो. त्यात नोटिशीची मुदत पुरी न केल्याबद्दल एक रक्कम वजा असते, हरवलेल्या ओळखपत्राची आणि न परतवलेल्या गणवेशाची दुसरी, प्रशिक्षणावर झालेल्या खर्चाची तिसरी, गल्ल्यातील तुटीची चौथी. आणि तळाशी जी बाकी उरते तिच्यावर घरभाडे, किराणा आणि मुलांची फी कशी भागवायची या विवंचनेत, शिवाय सही केल्याखेरीज कार्यमुक्तीचे पत्र मिळणार नाही या धास्तीने, तो माणूस मुकाट्याने सही करून बाहेर पडतो.

मालकाचे नोकराकडे काही येणे निघत असेल तर ते अखेरच्या पगारातून परस्पर कापून घेण्याचा अधिकार मालकाला आहे काय, हा प्रश्न वरवर किरकोळ हिशेबाचा वाटला तरी त्याच्या मुळाशी न्यायाचे एक मोठे तत्त्व आहे. पैसे येणे असणे ही एक गोष्ट आहे. आणि ते येणे स्वतःच ठरवून, स्वतःच मोजून, दुसऱ्याच्या कमाईतून स्वतःच उचलून घेणे ही सर्वस्वी भिन्न गोष्ट आहे. पहिली गोष्ट कोणत्याही धनकोच्या बाबतीत घडू शकते, आणि तिचा निवाडा करण्यासाठी न्यायालये आहेत. दुसरी गोष्ट मात्र फिर्यादी, न्यायाधीश आणि बेलिफ या तिन्ही भूमिका एकाच माणसाच्या हाती देते, आणि म्हणूनच कायद्याने ती सरसकट मोकळी न ठेवता मोजक्या कारणांपुरती, मोजक्या प्रमाणात आणि ठरलेल्या रीतीनेच मान्य केली आहे. कमावलेले वेतन ही नोकराची मालमत्ता आहे, मालकाची मेहेरबानी नव्हे, या एका विधानावर या विषयातील सगळा कायदा उभा आहे.

हे विधान किती गंभीरपणे घेतले गेले आहे याची कल्पना दिवाणी प्रक्रिया संहितेच्या साठाव्या कलमावरून येते. एखाद्या सावकाराने रीतसर दावा लावला, साक्षीपुरावे झाले, हुकूमनामा मिळाला, आणि मग दरखास्त दाखल करून त्याने ऋणकोच्या पगारावर जप्ती मागितली, तरीसुद्धा न्यायालय सबंध पगार त्याच्या हवाली करीत नाही. पोटगीच्या हुकूमनाम्याचा प्रश्न सोडला तर पगारातील पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश जप्तीपासून मुक्त राहतात, आणि मजुरांच्या व घरगुती नोकरांच्या मजुरीला तर जप्ती लागूच होत नाही. जे न्यायालयालाही हुकूमनाम्याच्या बळावर करता येत नाही, ते मालकाने आपल्या हिशेबनिसाच्या लेखणीने करावे, हे कोणत्याही विचारी माणसाला पटण्यासारखे नाही.

या विचाराला आपल्याकडे कायद्याचे रूप येण्यास मुंबईच्या गिरणगावातील अनुभव मोठ्या प्रमाणात कारणीभूत झाला. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात गिरणीतील मजुराचा पगार ठरत असे एक आणि त्याच्या हाती पडत असे दुसरा. उशिरा आल्याबद्दल दंड, गैरवर्तनाबद्दल दंड, काम बिघडल्याबद्दल दंड. आणि विणकराच्या हातून कापडात खोट राहिली तर ते कापड त्याच्याच गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून वळती करून घेण्याची प्रथा, ज्यामुळे दिवसभर मागावर उभा राहिलेला माणूस संध्याकाळी ते खराब कापड बाजारात पडेल त्या भावाने विकण्यासाठी फिरत असे. खाडा झाला तर एका दिवसाच्या गैरहजेरीसाठी दोन दिवसांचे वेतन कापण्याची रीतही काही ठिकाणी होती, आणि नोटीस न देता काम सोडणाऱ्याचा मागे राहिलेला पगार जप्त होत असे. पगार महिना उलटल्यावर काही दिवसांनी होत असल्यामुळे काम सोडणाऱ्याची काही ना काही कमाई नेहमीच मालकाकडे अडकलेली असे, आणि ती गमावण्याच्या भीतीने माणूस नको असलेल्या कामाला बांधला जाई. मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने १९२०च्या दशकात या दंडांची आणि कपातींची स्वतंत्र चौकशी केली. १९२८ साली सुमारे सहा महिने चाललेल्या गिरण्यांच्या प्रचंड संपात इतर मागण्यांबरोबर गिरणीमालकांच्या स्थायी नियमांचाही वाद होता, आणि संपानंतर नेमलेल्या फॉसेट समितीपुढे त्या नियमांची कलमवार चर्चा झाली.

त्याच सुमारास, १९२९ मध्ये, हिंदुस्थानातील कामगारांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी व्हिटली आयोग नेमला गेला. नारायण मल्हार जोशी हे त्याचे एक सभासद होते. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात या आयोगाने दंड आणि कपाती यांवर कायद्याचे नियंत्रण असावे, मुलांवर दंड बसवू नये, आणि दंडाची एकूण रक्कम वेतनाच्या दर रुपयामागे अर्ध्या आण्याहून अधिक असू नये, अशा शिफारशी केल्या. त्यांतून वेतन प्रदान अधिनियम, १९३६ हा कायदा जन्माला आला आणि २८ मार्च १९३७ पासून अमलात आला. प्रारंभी तो कारखाने व रेल्वे यांतील दरमहा दोनशे रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांपुरताच होता. ही मर्यादा वाढत वाढत २०१७ मध्ये चोवीस हजारांवर पोहोचली. आणे गेले तरी तो अर्धा आणा कायद्यात तग धरून राहिला, कारण आजची तीन टक्क्यांची मर्यादा हे त्याचेच दशमान रूप आहे.

आता हा जुना कायदा वेतन संहिता, २०१९ या नव्या कायद्यात विलीन झाला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. सामान्य नोकरदाराच्या दृष्टीने तिच्यातील सर्वांत महत्त्वाचा बदल असा, की कपातीविरुद्धचे संरक्षण यापुढे विशिष्ट पगाराखालील माणसांपुरते राहिलेले नाही. पर्यवेक्षक, व्यवस्थापक आणि प्रशासकीय पदांवरील माणसेही तिच्या व्याख्येत कर्मचारीच आहेत. शिकाऊ उमेदवार मात्र त्यातून वगळलेले आहेत, आणि शासकीय आस्थापनांना संहितेतील वेतन देण्याविषयीचे हे प्रकरण सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय लागू होत नाही. दुसरा बदल मुदतीचा आहे. जुन्या कायद्यात मालकाने कामावरून काढले तरच दुसऱ्या कामाच्या दिवसाअखेर पगार चुकता करण्याचे बंधन होते. आता राजीनामा देणाऱ्यालाही दोन कामाच्या दिवसांत त्याचे वेतन मिळाले पाहिजे. हिशेब पुरा व्हायला पंचेचाळीस दिवस किंवा दोन महिने लागतात असे जे उत्तर अनेक आस्थापनांत सहजपणे दिले जाते, त्याला वेतनापुरता या संहितेत आधार नाही.

कोणत्या कारणांसाठी पगारातून पैसे कापता येतात, याची यादी संहितेच्या अठराव्या कलमात आहे, आणि त्या यादीबाहेरची प्रत्येक कपात बेकायदेशीर आहे. आयकर, भविष्यनिर्वाह निधी, न्यायालयाच्या हुकुमाने होणारी वसुली, सहकारी पतसंस्थेचा हप्ता, मालकाने दिलेल्या घराचे भाडे, दिलेली उचल, चुकून अधिक दिला गेलेला पगार, कामावर नसलेल्या दिवसांचे वेतन, दंड, आणि नोकराच्या हयगयीमुळे झालेले नुकसान, ही त्यांतील मुख्य कारणे. या सगळ्यांची मिळून होणारी वजावट त्या वेतनकाळातील वेतनाच्या निम्म्याहून अधिक होऊ शकत नाही, आणि कर व भविष्यनिर्वाह निधी हेही त्या निम्म्यातच मोजले जातात. म्हणून ज्या हिशेबाच्या कागदावर पगाराची बाकी शून्य दाखवलेली असते, किंवा उलट नोकरानेच पैसे भरावेत असे लिहिलेले असते, तो कागद तेवढ्याच एका कारणावरून संशयास्पद ठरतो. मालकाचे येणे अधिक असेल तर उरलेली वसुली विहित रीतीनेच करता येते. अखेरचा पगार हा येणे वसूल करण्याचा शेवटचा मोका आहे, ही सबब कायदा ऐकून घेत नाही.

नुकसानभरपाईच्या कारणाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण सर्वाधिक अन्याय याच वाटेने आत शिरतो. कायद्याचे शब्द मोजून वापरलेले आहेत: वस्तू त्या नोकराच्या ताब्यात स्पष्टपणे सोपवलेली असली पाहिजे, किंवा ज्या पैशांचा हिशेब देणे त्याच्याकडे आहे असे ते पैसे असले पाहिजेत, आणि नुकसान त्याच्याच हयगयीमुळे किंवा कसुरीमुळे थेट झालेले असले पाहिजे. त्याला आपली बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय कपात करता येत नाही, आणि कपात प्रत्यक्ष नुकसानाहून अधिक असता कामा नये. ही कसोटी लावली म्हणजे रोजच्या व्यवहारातील कितीतरी रूढ कपाती एका क्षणात गळून पडतात. हॉटेलात जेवून बिल न देता गिऱ्हाईक पळाले तर ते बिल वेटरच्या पगारातून कापणे, पेट्रोलपंपावर दिवसाअखेर तूट आली तर ती पाळीवर असलेल्या सर्व पोरांत सारखी वाटून देणे, दुकानातून माल चोरीला गेला तर त्याची किंमत सर्व विक्रेत्यांकडून वसूल करणे, या प्रथा इतक्या रुळलेल्या आहेत की त्यांत काही गैर आहे असे वसूल करणाऱ्यालाही वाटत नाही आणि देणाऱ्यालाही वाटत नाही. परंतु ज्याची कसूर सिद्ध नाही त्याला सामुदायिक दंड करण्याची मुभा या कलमात शोधूनही सापडणार नाही. चार वर्षे वापरलेल्या लॅपटॉपची नवी किंमत वसूल करणेही त्याच दोषाचे आहे, कारण नुकसान झाले ते चार वर्षे जुन्या वस्तूचे. धंद्यातील जोखीम ही नफा घेणाऱ्याची असते. ती महिन्याच्या पगारावर जगणाऱ्याच्या खांद्यावर टाकणे हा व्यवहार म्हणूनही अनुचित आहे आणि कायदा म्हणूनही.

दंडाच्या बाबतीत कायदा आणखी कठोर आहे. कोणत्या कृत्यांसाठी दंड होईल याची यादी सरकारच्या मान्यतेने आधी जाहीर झालेली हवी, नोकराचे म्हणणे ऐकून घेतलेले हवे, पंधरा वर्षांखालील मुलाला दंड करता येत नाही, दंड हप्त्यांनी किंवा नव्वद दिवसांनंतर वसूल करता येत नाही, आणि वसूल झालेला पैसा मालकाच्या खिशात न जाता कर्मचाऱ्यांच्या हिताच्या कामीच खर्च झाला पाहिजे. नोकरी सोडून जाणाऱ्यावर शेवटच्या दिवशी सूड म्हणून बसवलेला दंड या चाळणीतून क्वचितच पार पडेल.

आता नोटिशीच्या मुदतीचा प्रश्न. शहरांतील सुशिक्षित नोकरदाराला अखेरच्या हिशेबात सर्वांत मोठी कात्री लागते ती येथे: करारात तीन महिन्यांची नोटीस लिहिलेली असते, दुसरीकडे रुजू होण्याची तारीख एका महिन्यावर आलेली असते, आणि उरलेल्या दोन महिन्यांचा पगार मागील कमाईतून वळता केला जातो. नोटीस न देणे हा कराराचा भंग आहे यात शंका नाही, आणि त्या भंगाची वाजवी भरपाई मालकाला मागता येते हेही खरे. पण ती भरपाई कमावलेल्या वेतनातून परस्पर कापण्याची मुभा अठराव्या कलमात कोठे आहे? गैरहजेरीच्या कारणाखाली ती बसवू पाहिली तर संहिता सांगते, की जितके दिवस माणूस कामावर नव्हता तितक्याच दिवसांच्या प्रमाणात कपात करता येते. आणि जो माणूस नोकरी सोडून गेला त्याला पुढील दिवसांचे वेतन देय झालेलेच नसल्यामुळे त्यातून कापण्यासारखे काही उरतच नाही. नोटिशीच्या बदल्यात पैसे कापण्याचा उल्लेख या प्रकरणात एकदाच येतो, आणि तोही फार बोलका आहे: दहा किंवा अधिक कर्मचारी संगनमताने, नोटीस न देता आणि सबळ कारणाशिवाय कामावरून गैरहजर राहिले, तर करारानुसार देय असलेली रक्कम, पण फार तर आठ दिवसांच्या वेतनाइतकी, कापता येते. हा अपवाद १९३६च्या कायद्यातून जसाच्या तसा पुढे आलेला आहे, आणि मला तो कामगारांच्या दृष्टीने कठोरच वाटतो. तथापि त्यातून एक निष्कर्ष निघतो, असे माझे मत आहे. दहा जणांच्या संगनमतालाही जर कायदा आठ दिवसांची मर्यादा घालतो, तर एकट्यादुकट्या माणसाने राजीनामा दिल्यावर त्याचे साठ दिवसांचे वेतन कापण्यास तो मूकसंमती देत असेल हे संभवत नाही. करारात तसे लिहिले आहे हा मालकाचा बचाव येथे लंगडा पडतो, कारण संहितेने दिलेला हक्क सोडून देणारा करार त्याच संहितेच्या साठाव्या कलमाने शून्यवत ठरवला आहे.

याचा अर्थ असा नव्हे की नोकराने वचन मोडावे आणि त्याला काहीच लागू होऊ नये. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निर्णय दिला, की तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट धंद्यास प्रतिबंध करणारी नाही आणि लोकनीतीविरुद्धही नाही; सार्वजनिक बँकेला भरतीची मोठी प्रक्रिया पुन्हा राबवावी लागते हे न्यायालयाने लक्षात घेतले. मात्र त्या प्रकरणात संबंधित अधिकाऱ्याने ती रक्कम तक्रार राखून स्वतः भरली होती, हे विसरता कामा नये. अट वैध असणे आणि तिची रक्कम पगारातून परस्पर कापता येणे, यांतील अंतर या निर्णयाने पुसलेले नाही. शिवाय भारतीय करार अधिनियमाच्या चौऱ्याहत्तराव्या कलमानुसार करारात कितीही मोठा आकडा घातलेला असला तरी न्यायालय वाजवी भरपाईच मंजूर करते.

कचेऱ्यांतील या वादांपेक्षा कितीतरी अधिक दारुण असा अखेरचा हिशेब मराठवाड्याच्या वाड्यावस्त्यांवर दरवर्षी होतो, आणि त्याकडे मासिके वाचणाऱ्या वर्गाचे लक्ष क्वचितच जाते. बीड, जालना, धाराशिव या भागांतून ऊसतोडीला निघणारी जोडपी, ज्यांच्या एका जोडीला एक कोयता म्हणतात, दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतात आणि गळिताच्या हंगामभर टनाच्या दराने ती फेडतात. आजारपणामुळे, बाळंतपणामुळे किंवा पाळीच्या त्रासामुळे एक दिवस फडात जाता आले नाही, तर खाडा म्हणून जी रक्कम त्यांच्या नावे लिहिली जाते, ती त्या दिवसाच्या मजुरीच्या प्रमाणात असतेच असे नाही. पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, तेव्हा पुष्कळांचा हिशेब उलटाच निघतो. उचल अंगावर राहते, आणि ती फेडण्यासाठी पुढल्या वर्षी त्याच मुकादमाबरोबर जावे लागते. गैरहजेरीची कपात त्या दिवसांच्या प्रमाणातच असावी हा नियम, आणि कामावर येण्यापूर्वी प्रवासखर्चासाठी दिलेली उचल परत वसूल करता येत नाही हा नियम, दोन्ही कायद्याच्या पुस्तकात आहेत. कर्जापायी माणसाला कामाशी बांधून ठेवणे हा तर १९७६च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने गुन्हाच आहे, आणि अशा बंधनाचे कर्ज त्या कायद्याने नष्ट केले आहे. परंतु जेथे हिशेबाची वही फक्त मुकादमाजवळ असते, आणि ती वाचून दाखवणाराही तोच असतो, तेथे हे नियम फडापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी साखर कारखान्यांनी आणि सरकारने घेतल्याखेरीज त्यांना काही अर्थ उरत नाही.

पगाराहून निराळ्या अशा दोन रकमा अखेरच्या हिशेबात येतात, आणि त्यांना कायद्याचे संरक्षण अधिकच भक्कम आहे. भविष्यनिर्वाह निधीतील पैसा मालकाच्या हाती नसतोच. तो कोणत्याही न्यायालयाच्या हुकुमाने जप्त होत नाही, आणि मालकाचे कितीही येणे असले तरी त्याला त्यावर हात टाकता येत नाही. उपदान, ज्याला आपण सर्वजण ग्रॅच्युइटी म्हणतो, तेही जप्तीपासून मुक्त आहे. सर्वसाधारणपणे पाच वर्षांच्या अखंड सेवेनंतर प्रत्येक वर्षासाठी पंधरा दिवसांच्या वेतनाच्या हिशेबाने ते मिळते, आणि देय झाल्यापासून तीस दिवसांत ते द्यावे लागते. ते रोखण्याची कारणे दोनच. हेतुपुरस्सर कृत्याने किंवा हयगयीने मालकाच्या मालमत्तेचे नुकसान केल्यामुळे नोकराला काढून टाकले असेल, तर त्या नुकसानाइतके उपदान जप्त होऊ शकते. आणि हिंसक किंवा दांडगाईच्या वर्तनामुळे, अथवा सेवेत असताना नैतिक अधःपतनाचा अपराध केल्यामुळे काढले असेल, तर सर्व किंवा काही. दोन्हींत मुख्य शब्द आहे तो काढून टाकण्याचा. ज्याने स्वतः राजीनामा दिला किंवा जो वयोमानाने निवृत्त झाला, त्याच्या उपदानावर या कारणांनी हात टाकता येत नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये नागपूरच्या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या आणि त्याबरोबर ऐकलेल्या आपल्या एसटी महामंडळाच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले, की नैतिक अधःपतनाच्या कारणावरून उपदान जप्त करण्यासाठी फौजदारी न्यायालयात दोषी ठरणे आवश्यक नाही, खातेनिहाय चौकशीतील निष्कर्ष पुरेसा आहे. जन्मतारखेचा खोटा दाखला देऊन नोकरी मिळवलेल्या माणसाचे उपदान न्यायालयाने सर्वच्या सर्व जाऊ दिले. भाड्याचे पैसे खिशात घातलेल्या वाहकांच्या बाबतीत मात्र रकमा अल्प असल्याने पंचवीस टक्केच जप्त करून उरलेले देण्यास सांगितले. दोष सिद्ध झालेल्यांच्या बाबतीतही शिक्षेचे प्रमाण पाहिले जाते, हे या निर्णयातील मला सर्वांत मोलाचे वाटते. कंपनीचे घर मुदतीनंतरही न सोडणाऱ्यांच्या बाबतीत मात्र दंडात्मक भाड्याची उपदानातून वजावट सर्वोच्च न्यायालयाने मान्य केल्याची उदाहरणे आहेत, हे अशा निवासस्थानांत राहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

शासकीय आणि अनुदानित संस्थांतील कर्मचाऱ्यांना अखेरच्या हिशेबात जो धक्का बसतो तो निराळ्या जातीचा असतो. निवृत्तीच्या उंबरठ्यावर सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे जाते, पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या वेतननिश्चितीतील चूक सापडते, आणि ज्या शिपायाने किंवा लिपिकाने ती चूक केली नव्हती, ज्याला ती ठाऊकही नव्हती, त्याच्या निवृत्तिवेतनाच्या रकमांतून लाखोंची वसुली निघते. यावर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या प्रकरणात स्पष्ट मर्यादा आखून दिल्या: गट क व गट डमधील कर्मचाऱ्यांकडून, निवृत्त झालेल्यांकडून किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून, आणि वसुलीच्या हुकुमापूर्वी पाच वर्षांहून अधिक काळ चालू असलेल्या अधिक प्रदानाची वसुली करता येणार नाही. पण जास्तीचे पैसे निघाल्यास परत करीन असे हमीपत्र वेतननिश्चितीच्या वेळी दिलेल्या अधिकाऱ्याला हे संरक्षण मिळत नाही, असा २०१६चा निर्णय आहे. म्हणून असे हमीपत्र पुढे येते तेव्हा ते वाचून मगच सही करावी.

परदेशांत नोकरीस गेलेल्या मराठी माणसांनी तेथील कायदा आपल्यासारखाच असेल असे गृहीत धरू नये. कॅलिफोर्नियात १९८१ पासून, बार्नहिल प्रकरणातील निर्णयानुसार, नोकराने लिहून दिलेल्या कर्जरोख्याचीही बाकी मालकाला अखेरच्या पगारातून एकरकमी कापता येत नाही, कारण त्यामुळे न्यायालयीन जप्तीपासून वेतनाला मिळणारे संरक्षणच निरर्थक होईल; हा विचार आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या साठाव्या कलमाच्या फार जवळ जातो. इंग्लंडमध्ये मात्र दुकानातील तुटीसाठी एका पगारातून दहा टक्क्यांहून अधिक कापू नये असा नियम असला तरी अखेरच्या पगाराला ती मर्यादा लागू नाही. ज्या वेळी नोकराला संरक्षणाची सर्वाधिक गरज असते नेमक्या त्या वेळी ते काढून घेणारा हा अपवाद मला समर्थनीय वाटत नाही, आणि आपल्या वेतन संहितेने तो स्वीकारला नाही हे योग्यच झाले.

ज्यांची नोकरी सुटत आहे त्यांना माझे सांगणे एवढेच आहे, की हिशेबाच्या कागदावर सही करण्यापूर्वी प्रत्येक वजावटीचे कारण आणि तिचा आधार लेखी मागावा. कंपनीची वस्तू परत करताना पोच घ्यावी. सर्व हिशेब पूर्णपणे मिळाला असे छापलेल्या पावतीवर सही करणे भागच असेल, तर सहीशेजारी अमुक कपात मान्य नाही असे स्वतःच्या हस्ताक्षरात लिहावे आणि त्याची प्रत जवळ ठेवावी. गैरवाजवी कपातीविरुद्ध संहितेखाली नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो; तो कर्मचारी स्वतः करू शकतो, त्याची नोंदलेली संघटना करू शकते, आणि अनेकांची तक्रार एक असेल तर एकच अर्ज पुरतो. देणे चुकते केले आहे हे सिद्ध करण्याचा भार अशा अर्जात मालकावर असतो, आणि प्राधिकारी मूळ रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देववू शकतो. जुन्या कायद्यात या अर्जाची मुदत बारा महिन्यांची होती; आता ती तीन वर्षांची आहे.